जिममधली भीड कशी चेपायची (पहिल्या तीन महिन्यांसाठी)

पहिल्या दिवशी मी जिममध्ये पन्नास मिनिटं होते आणि त्यातली चाळीस ट्रेडमिलवर. ट्रेडमिल आवडते म्हणून नव्हे, तिथं एकदा चढलं की पुढं काय करायचं हा प्रश्नच येत नाही, नुसतं चालत राहायचं. पलीकडं डंबेलचा रॅक, मोठाले आरसे, वजनाच्या प्लेटा खाली ठेवल्याचा आवाज, आणि तिकडं जायचं नुसतं मनात आलं तरी पोटात गोळा यायचा. असे तीन आठवडे गेले. रोज ठरवायचं की आज तिकडं जाऊ, आणि रोज ट्रेडमिलवरून उतरून पाणी पिऊन सरळ घरी.

मला वाटायचं मला लोकांची भीती वाटते, किंवा माझ्या शरीराची लाज वाटते. पण एक दिवस नीट विचार केला तेव्हा जाणवलं की ट्रेडमिलवर असताना पण लोक तेच असतात, शरीर पण तेच, कपडे पण तेच, मग तिथं का नाही वाटत भीती? भीती सुरू व्हायची ती उतरल्यानंतर, "आता काय करू" हे माहीत नसायचं तेव्हा. मोकळ्या हातानं मधोमध उभं राहणं, ते नको वाटायचं. हे एकदा कळल्यावर पुढचा सगळा मार्ग बदलला, म्हणून खाली जे लिहितेय ते बहुतेक सगळं एकाच गोष्टीभोवती आहे, जिममध्ये पाय ठेवताना पुढचं काम काय आहे ते हातात लिहिलेलं असलं पाहिजे.

आधी लोक बघतात त्याबद्दल. कॉर्नेल विद्यापीठातल्या काही मानसशास्त्रज्ञांचा 2000 साली छापून आलेला एक प्रयोग आहे, त्यांनी विद्यार्थ्यांना घालायला लाज वाटेल असा टीशर्ट दिला, पुढं एका गायकाचा मोठा चेहरा असलेला, आणि बाकीचे बसले होते त्या खोलीत पाठवलं. नंतर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? टीशर्ट घातलेल्यांचा अंदाज होता साधारण निम्म्यांच्या, प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांनी तो चेहरा ओळखला होता. म्हणजे आपल्याला वाटतं त्याच्या निम्मेच लोक आपल्याकडं लक्ष देतात. जिममध्ये अजून एक भर पडते, दोन सेटच्या मध्ये (सेट म्हणजे एकच व्यायाम सलग दहा-बारा वेळा करणं) माणूस दोन-तीन मिनिटं दम खात बसलेला असतो आणि त्या वेळात त्याची नजर कुठंतरी टेकलेली असते. ती तुमच्यावर पडली म्हणजे तो तुम्हाला जोखतोय असं अजिबात नसतं, बिचारा मनात मोजत असतो की आता कितवा सेट.

पण हेही सांगते, कोणी खरंच टक लावून बघत असेल, मागं मागं येत असेल, नको ते बोलत असेल, न विचारता फोटो काढत असेल तर ती तुमच्या मनातली भीती नव्हे, तो त्या माणसाचा दोष आहे. सरळ काउंटरवर जाऊन सांगायचं. तिथं मनावर घेत नसतील तर जिम बदलायची, त्यात कमीपणा नाही.

तर आता पहिल्या फेरीचं. पैसे भरायच्या आधी एकदा नुसतं बघायला जा, व्यायाम करायचा नाही. चेंजिंग रूम कुठंय, लॉकरला स्वतःचं कुलूप लागतं का, पाणी कुठं, मशीन पुसायचे नॅपकिन आणि स्प्रे कुठं, बूट वेगळे लागतात का. ह्या फालतू वाटणाऱ्या गोष्टी आहेत पण पहिल्या दिवशी माणूस ह्याच गोष्टींनी बुजतो, वजनानं नव्हे. आणि तुम्ही ज्या वेळेला येणार आहात त्याच वेळेला जाऊन बघा, कारण दुपारी रिकामी दिसणारी जिम संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ओळखू येत नाही. वेळ तुमच्या हातात असेल तर पहिला महिना गर्दीची वेळ टाळा, तेवढी सवलत स्वतःला द्यायची. छातीत दुखणं, चक्कर, हृदयाचा किंवा बीपीचा त्रास, डायबेटीस, प्रेग्नन्सी, जुनी गुडघ्याची वगैरे दुखापत असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या, हे मी उगाच लिहायचं म्हणून लिहीत नाहीये.

आता चिठ्ठी. मी खरीखुरी कागदाची चिठ्ठी न्यायचे, फोनमध्ये लिहिलं तरी चालेल पण फोन उघडला की दुसरंच काहीतरी सुरू होतं. माझी पहिली चिठ्ठी अशी होती (रेप म्हणजे एकदा ढकलून किंवा ओढून परत आणणं):

पाच मिनिटं चालणं
लेग प्रेस, 2 सेट, 10 रेप्स
चेस्ट प्रेस, 2 सेट, 10 रेप्स
सीटेड रो, 2 सेट, 10 रेप्स
लेग कर्ल, 2 सेट, 10 रेप्स
लॅट पुलडाऊन, 2 सेट, 10 रेप्स
प्लँक, 20 सेकंद, दोनदा
घरी

शेवटचं "घरी" मुद्दाम लिहिलेलं होतं, म्हणजे संपलं की संपलं, अजून काही करावं का असा घोळ नको. ह्यात पाय आले (लेग प्रेस, लेग कर्ल), ढकलायचं आलं (चेस्ट प्रेस), ओढायचं आलं (रो, पुलडाऊन), पोट-कंबर आली (प्लँक, म्हणजे कोपरं आणि पायाची बोटं टेकवून अंग सरळ धरून ठेवणं), सुरुवातीला ह्यापेक्षा जास्त काही लागत नाही. सगळं मिळून पस्तीस-चाळीस मिनिटं. एखादी मशीन अडलेली असेल तर चिठ्ठीतली पुढची करायची आणि मग परत यायचं, क्रमाला एवढं महत्त्व नाही.

मशीननं सुरुवात का? कारण मशीनचा रस्ता ठरलेला असतो, वजन अंगावर पडत नाही, आणि बहुतेक मशीनवर चित्र चिकटवलेलं असतं, कुठं बसायचं, कुठले स्नायू वापरले जातात ते. ते चित्र वाचत उभं राहायला लाजू नका, ते त्यासाठीच आहे. बसल्यावर आधी सीट. चेस्ट प्रेसला हँडल साधारण छातीच्या मधोमध यायला हवं, खांद्यापाशी येत असेल तर सीट खाली आहे, वर घ्या. लेग कर्लसारख्या मशीनवर जिथून ती फिरते तिथं बऱ्याचदा रंगीत ठिपका असतो, तुमचा गुडघा त्या ठिपक्याच्या सरळ रेषेत आला पाहिजे. सीटच्या दांड्यावर भोकं असतात आणि शेजारी नंबर असतात, तो नंबर चिठ्ठीवर लिहून ठेवा. माझ्या चिठ्ठीवर "चेस्ट प्रेस, सीट 4, पिन 2" असं लिहिलेलं असायचं (पिन म्हणजे किती वजन उचलायचं ते ठरवायला प्लेटांच्या भोकात घालायची खीळ) आणि खरं सांगते, पुढच्या वेळी जाऊन न थबकता सीट चारवर केली, पिन दोनमध्ये घातली आणि बसले, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ही जागा आपली पण आहे.

पिन पूर्ण आत गेली पाहिजे, अर्धवट अडकलेली पिन धोक्याची. पहिला सेट नेहमी अगदी हलका, नुसता रस्ता कळायला. मग असं वजन लावा की दहा रेप्स झाल्यावर वाटलं पाहिजे अजून दोन-तीन झाल्या असत्या. पाचव्यालाच हात थरथरायला लागले तर जास्त आहे, गप्पा मारत दहा होत असतील तर कमी आहे. ढकलताना किंवा ओढताना श्वास सोडायचा, परत आणताना घ्यायचा, श्वास कोंडून धरायचा नाही. आणि परत आणताना सावकाश, प्लेटा धाडकन आपटल्या नाही पाहिजेत. दोन्ही सेटला बारा-बारा रेप्स नीट व्हायला लागल्या की पुढच्या वेळी पिन एक घर खाली. बस, एवढाच नियम. ह्यालाच मोठे लोक प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड म्हणतात.

मला सुरुवातीला ही समज कोणी दिली नव्हती. एकदा एका ट्रेनरनं फ्री सेशन म्हणून मला शंभर स्क्वॉट (उठाबशा) मारायला लावले, पाचव्या दिवसापर्यंत जिना उतरताना कठडा धरायला लागायचा, आणि सेशन संपल्या संपल्या पर्सनल ट्रेनिंगचं पॅकेज पुढं केलं. मला अजूनही त्या गोष्टीचा राग आहे, कारण नवीन माणसाला वाटतं इतकं दुखलं म्हणजेच व्यायाम झाला, आणि तो परत येतच नाही. चांगला ट्रेनर पहिल्या दिवशी तुम्हाला दमवत नाही, तो तुमच्या जुन्या दुखापती विचारतो, सीट लावायला शिकवतो आणि वजन कमी करायला सांगतो. असा कोणी भेटला तर चार-पाच सेशन जरूर घ्या, पैसे वाया नाही जाणार.

दुखण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथंच निम्मे लोक गळतात. व्यायामानंतरचं अंग दुखणं लगेच येत नाही, साधारण 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त असतं. ते लॅक्टिक ॲसिडमुळं होतं असं सगळीकडं ऐकू येतं पण तसं नाहीये, लॅक्टिक ॲसिड तास-दीड तासात निघून जातं. दुखतं ते स्नायूंना सवय नसलेलं काम पडल्यामुळं, खास करून वजन सावकाश खाली आणताना. चांगली गोष्ट ही की तोच व्यायाम दुसऱ्यांदा केला की दुखणं बरंच कमी होतं, शरीर लवकर शिकतं. म्हणून पहिले दोन आठवडे मुद्दाम कमी करायचं, मला झेपतंय असं वाटलं तरी. ठणका दोन्ही बाजूंना सारखा, दाबल्यावर दुखणारा असेल तर तो नेहमीचा. सांध्यात टोचल्यासारखं, एकाच बाजूला, करता करता अचानक आलं तर थांबायचं. आणि खूप जास्त व्यायामानंतर लघवी गडद तपकिरी झाली किंवा स्नायू सुजून टम्म झाले तर वाट न बघता डॉक्टरांकडं जायचं, स्नायूंच्या पेशी फुटून किडनीवर ताण येतो तेव्हा असं होतं.

आता तो डंबेलचा कोपरा. मी तिकडं चौथ्या आठवड्यात गेले आणि चिठ्ठीवर त्या दिवशी एकच नवीन ओळ होती, "हलके दोन डंबेल, बेंचवर बसून शोल्डर प्रेस, 2 सेट", म्हणजे डंबेल खांद्यापासून डोक्यावर ढकलायचे. बेंचवर एक दांडगा माणूस बसलेला, कानात इअरफोन. मी दोन मिनिटं नुसतीच उभी होते, मग हात थोडा वर करून विचारलं, "किती सेट राहिलेत तुमचे?" त्यानं एका कानातला इअरफोन काढला आणि म्हणाला, "दोनच. पण तुम्ही करा ना मध्ये मध्ये, मी तसाही दम खातोय." आणि उठून स्वतःचा टॉवेल उचलला, बेंच पुसून दिला. तीन आठवडे मी ज्या कोपऱ्याला घाबरत होते तिथलं पहिलं वाक्य हे होतं.

तर ही वाक्यं पाठच करून टाका, कारण ऐन वेळी शब्द सुचत नाहीत. "किती सेट राहिलेत?" "मध्ये मध्ये करू का?" "हे कोणी वापरतंय का?" "एक मिनिट बघता का, बरोबर करतेय का मी?" शेवटचं वाक्य जिममधल्या सगळ्यात तयार दिसणाऱ्या माणसाला विचारा, फक्त त्याचा सेट चालू असताना नको. आणि न विचारता कोणी शिकवायला आलं तर "थँक्यू, मी माझ्या प्लॅननं करतेय" एवढं म्हणून आपल्या कामाला लागायचं, दर वेळी ऐकून घ्यायची सक्ती नाही.

रीतभात फार नाहीये. घेतलेलं वजन जागेवर ठेवणं, घाम पुसणं, डंबेल उचलल्यावर रॅकला चिकटून उभं न राहता दोन पावलं मागं येणं, मशीनवर बसून फोन न बघणं. एवढं पाळणारा माणूस पहिल्या दिवसापासून जुना वाटतो. बारबेलकडं, म्हणजे दोन्ही टोकांना प्लेटा लावायच्या लांब दांड्याकडं, जायचं तेव्हा लक्षात ठेवा की मोठा ऑलिम्पिक बार रिकामाच 20 किलोचा असतो, महिलांसाठीचा 15 चा, आणि जिममध्ये छोटे हलके पण असतात, त्यामुळं विचारून घ्या. रिकामा बार उचलून शिकणं हीच योग्य सुरुवात आहे. बेंच प्रेस (बाकावर आडवं पडून बार छातीवरून वर ढकलणं) एकट्यानं जड करायचा नाही, कोणाला तरी मागं उभं करा.

इथपर्यंत भीड बऱ्यापैकी चेपलेली असते. मग दुसरा प्रश्न येतो, हुरूप. साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात तो ओसरतो आणि त्याला कारण आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था शिकते म्हणून, मेंदू जास्त स्नायूतंतू एकदम कामाला लावायला शिकतो, स्नायूंचा आकार त्यामानानं सावकाश वाढतो. म्हणजे वजन वाढतंय पण आरशात काहीच दिसत नाही, आणि आपण सगळे आरशातच बघत असतो. वजनकाटा तर अजून फसवतो, नुसतं पाणी आणि मीठ कमी-जास्त झालं तरी एका दिवसात किलोभर इकडं तिकडं होतं. म्हणून पहिले तीन महिने वहीवर विश्वास ठेवायचा. माझ्या वहीत लेग प्रेसची ओळ आहे, 30 किलो, 30, 35, 35, 40, आणि मग 55 पर्यंत. ज्या दिवशी जावंसं वाटायचं नाही त्या दिवशी मी ती ओळ बघायचे, कारण ती खोटं बोलूच शकत नाही.

किती दिवस जायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितलाय, शिवाय 150 ते 300 मिनिटं चालण्यासारखा मध्यम व्यायाम. दोन दिवस! आपण ठरवतो सहा, चार दिवस जातो, पाचव्या दिवशी चुकतं आणि मग सगळंच सुटतं. दोनच ठरवा आणि ते दोन सोडू नका, तिसरा वाढवायचा तो दोन महिन्यांनी.

आणि ठरवायचं ते "ह्या आठवड्यात जाईन" असं मोघम नको. 2002 मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात काही विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की पुढच्या आठवड्यात कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठं व्यायाम करणार. लिहिलेल्यांपैकी 91 टक्क्यांनी केला, बाकीच्यांमध्ये 40 टक्क्यांनीसुद्धा नाही, आणि त्यातल्या काही जणांना तर व्यायामाचे फायदे सांगणारा मजकूर वाचायला दिलेला होता. म्हणजे नुसत्या प्रेरणेनं फारसं काही हललं नाही, वार आणि वेळ लिहिल्यानं हललं. मंगळवार आणि शुक्रवार, सात वाजता, कामावरून थेट, आधी घरी जायचं नाही. घरी गेलं, सोफ्यावर टेकलं की संपलं. बॅग आदल्या रात्री भरून दाराशी.

अंगवळणी पडायला 21 दिवस लागतात असं सगळे सांगतात, त्यावर भरवसा ठेवू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 जणांवर झालेल्या अभ्यासात सवय लागायला सरासरी 66 दिवस लागले, कोणाला 18 तर कोणाला 254 दिवस लागतील असा हिशोब निघाला, आणि व्यायामाला पाण्याचा ग्लास पिण्यासारख्या सवयीपेक्षा जास्त वेळ लागला. त्याच अभ्यासात दिसलं की एखादा दिवस चुकल्यानं फारसा फरक पडत नाही. मला ह्या वाक्यानं खूप आधार दिला, कारण मी एक दिवस चुकला की स्वतःला इतकं बोलायचे की दुसऱ्या दिवशी जायची हिंमतच राहायची नाही.

अगदीच नको वाटेल त्या दिवसासाठी एक नियम ठेवा, जायचं, चिठ्ठीतल्या पहिल्या दोन ओळी करायच्या, आणि मग खुशाल निघून यायचं. खरंच निघून यायचं, हे स्वतःला फसवायला नाहीये. दहातल्या सात वेळा मी पुढचं पण केलं, तीनदा निघून आले आणि त्या तीन दिवसांचीही वहीत नोंद आहे. सोबत मैत्रीण असली तर पहिल्या चार-पाच फेऱ्यांना फार मदत होते, पण तिची चिठ्ठी वेगळी, तुमची वेगळी, नाहीतर ती यायची बंद झाली की तुमचं पण बंद. आवडीचं काही ऐकायचं असेल तर ते फक्त जिममध्येच ऐकायचं असं ठरवून बघा, काहींना ह्याचा चांगला उपयोग होतो.

आणि खंड पडणार, आजारपण येतं, घरात कार्य येतं, कामाचा लोड येतो, दोन-तीन आठवडे सहज निघून जातात. परत जाताना पुन्हा पहिल्या दिवसासारखंच पोटात येतं, तेव्हा आधी दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, तीन आठवड्यांत ताकद फारशी जात नाही, आणि गेलेली पहिल्यापेक्षा लवकर परत येते. दोन, ताकद टिकली तरी अंगाची सवय मोडलेली असते, त्यामुळं जुन्या वजनावर जाऊन बसलात तर परत कठडा धरून जिना उतरायची वेळ येईल. परतीच्या दिवसाची चिठ्ठी वेगळी लिहा: वजन जुन्याच्या साधारण दोन तृतीयांश, प्रत्येकाचा एकच सेट, लेग प्रेस 55 असेल तर 35. सीटचे नंबर वहीत आहेतच. दुसऱ्या फेरीला दोन सेट, तिसऱ्या-चौथ्या फेरीला जुनं वजन.